ह्यू सरकवून पावसाळा येत नाही: ऋतुचित्रांतली नेहमीची अडचण आणि तिचा उपाय

एकाच शेताची तीन ऋतूंतली तीन डिजिटल चित्रं करायची असतात. मांडणी आपल्याकडची, ओळखीची: समोर काळी जमीन, बांधावर निंब नाहीतर बाभूळ, मध्ये केळीचा पट्टा किंवा विहीर, मागे सातपुड्याची रांग. पहिलं चित्र मनासारखं जमतं. मग त्या फाइलची प्रत काढली जाते आणि ह्यू-सॅच्युरेशनची, म्हणजे रंगछटा आणि तिचा भडकपणा बदलणारी पट्टी सरकवली जाते. हिरव्याकडे नेली की पावसाळा, पिवळ्याकडे नेली की उन्हाळा, जरा निळसर केली की हिवाळा. तिन्ही चित्रं शेजारी ठेवली की एकाच दृश्याकडे तीन रंगांच्या चष्म्यांतून बघतोय असं वाटतं. मग पावसाच्या रेघा घातल्या जातात, धुक्याचा ब्रश फिरवला जातो, टेक्स्चर बदललं जातं. तरी ऋतू काही बदलत नाही, आणि पुढच्या मालिकेत हीच अडचण पुन्हा उभी राहते.

खान्देशातली शेतं डिजिटल माध्यमात रंगवणाऱ्यांच्या कामात हा दोष मला सतत दिसतो, आणि तो बघून हळहळ वाटते, कारण त्यामागची मेहनत खरी असते. म्हणून उपाय सविस्तर लिहितो आहे. क्रिटा, फोटोशॉप, प्रोक्रिएट, आयबिस पेंट यांपैकी चित्रकलेचं कोणतंही अॅप वापरत असाल तरी मूळ गोष्ट एकच आहे. ती पट्टी फक्त रंग हलवते. सावलीची लांबी, उजेडाची दिशा, हवेतली धूळ, जमिनीचा ओलावा, पिकाची उंची यांना ती हातही लावत नाही. आणि आपल्याकडे ऋतू आधी बदलतो तो या पाच गोष्टींत. रंग त्यांच्या मागून येतो.

आधी दोष नेमका कुठे आहे ते तपासा. सगळ्यात वर एक नवा लेयर (चित्रावरचा वेगळा थर) घ्या, तो राखाडी रंगाने भरा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे तो खालच्या चित्रात कसा मिसळायचा ते, ‘कलर’ करा. चित्र कृष्णधवल होईल. तिन्ही चित्रांचं असं करा आणि शेतीत मुरलेल्या घरातल्या कुणाला तरी दाखवा. ‘कोणता महिना शे?’ एवढंच विचारा. रंग नसतानाही ऋतू सांगता आला तर चित्राचा पाया पक्का आहे आणि तुमची अडचण पुढे सांगितलेल्या पडद्याच्या (स्क्रीनच्या) किंवा छपाईच्या भागात सापडेल. तिन्ही चित्रं एकाच दिवशीची वाटली, तर इथून पुढे क्रमाने वाचा.

सावली

बहुतेक वेळा दोष इथेच असतो. पहिल्या चित्रात झाडाची सावली ज्या दिशेला आणि जेवढी लांब काढली, तीच प्रत होऊन तिन्ही ऋतूंत जाते.

जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी मध्यान्हाला, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या आसपास, उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच संपते. जुलैत ढगांमुळे ते सहसा दिसत नाही, पण मेमध्ये लख्ख दिसतं. डिसेंबरच्या शेवटी त्याच वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५-४६ अंशांवर असतो, म्हणून भर दुपारीही सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते. वीस फुटांच्या निंबाची सावली वीस फूट. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या शेवटी ती साधारण आठ फुटांवर येते. मेमध्ये ती झाडाच्या घेराखालीच राहते, आणि म्हणून गुरं खोडाला चिकटून दाटीने उभी असतात. उन्हाळ्याच्या चित्रात गुरं झाडापासून दूर, लांबट सावलीत बसलेली दाखवली की बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, भले त्याला कारण सांगता येत नसो.

दिशेचं गणित तर आणखी कामाचं आहे. तापीच्या खोऱ्यात उभं राहून सातपुड्याकडे बघायचं म्हणजे उत्तरेकडे तोंड करायचं. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पाठीमागे असतो. सावल्या तुमच्यापासून दूर, चित्राच्या आत, डोंगराच्या दिशेने जातात, आणि सातपुड्याच्या अंगावर समोरून ऊन पडल्यामुळे घळी आणि सोंडा स्पष्ट दिसतात. जूनच्या शेवटी उलटं होतं. सूर्य ईशान्येला उगवतो, वायव्येला मावळतो आणि दिवसभर किंचित उत्तरेकडेच राहतो. सकाळी-संध्याकाळी ढगांतून ऊन पडलंच, तर सावल्या तिरप्या होऊन बघणाऱ्याकडे येतात आणि डोंगराची आपल्याकडची बाजू काळपट राहते. फक्त एवढा बदल करून बघा. रंगाला हात न लावताही दोन चित्रांत सहा महिन्यांचं अंतर पडतं.

करायचं असं. मूळ रेखाटनात सावली अजिबात काढू नका. वस्तूंचे लेयर एका गटात ठेवा आणि सावलीसाठी प्रत्येक ऋतूचा वेगळा लेयर ‘मल्टिप्लाय’ (खालचा रंग गडद करणाऱ्या) मोडमध्ये घ्या. हिवाळ्याच्या सकाळच्या लेयरला निळसर राखाडी रंग द्या, कारण सावलीतल्या भागाला उजेड मिळतो तो निळ्या आभाळाचा. मेच्या लेयरला किंचित तपकिरी-जांभळा द्या. तापलेल्या उजळ जमिनीवरून परतलेला उजेड सावलीत शिरलेला असतो, त्यामुळे त्या सावल्या आखूड असल्या तरी काळ्याकुट्ट नसतात. आणि भरल्या आभाळाच्या पावसाळ्यात हा लेयर जवळजवळ रिकामा ठेवा. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या बाजूंनी येतो, म्हणून सावलीला कडा नसते. फक्त झुडपाच्या बुडाशी, खोड जमिनीला टेकतं तिथे, बांधाच्या खाली अंधार साचतो. तेवढाच मऊ ब्रशने घाला.

उजेडाचा अंदाज येत नसेल तर टेबलावर मातीचा छोटा उंचवटा, दोन काड्या आणि एक दिवा घेऊन बसा. दिवा वर-खाली, पुढे-मागे करत बघा. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून आणि नेमक्या उजेडातून अख्खी दृश्यं उभी करत. टेबलटॉप छायाचित्रणासाठी ते ओळखले जातात ते याचसाठी. डिजिटल चित्रकारानेही ही वाट मनापासून धरावी असं मला वाटतं. स्क्रीनवर तासभर सावली खोडत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

सातपुडा जवळ येतो, लांब जातो

सप्टेंबरमध्ये पाऊस उघडल्यावर हवा धुऊन निघालेली असते. तेव्हा सातपुडा हात लांब केला तर लागेल असा दिसतो; उतारावरची झाडं, पांदण, पाण्याचे ओघळ वेगळे ओळखता येतात. मेमध्ये तोच डोंगर धुळीत आणि झळांत विरून जातो. काही दुपारी रांग कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं तेही कळत नाही. हिवाळ्याच्या सकाळी धुकं असलंच तर नदीकाठी आणि ओलिताच्या शेतांवर खाली बसलेलं असतं, आणि डोंगराचा माथा त्याच्यावर मोकळा दिसतो.

हे चित्रात आणायचं तर डोंगर आणि आभाळ यांच्यातला उजळपणाचा फरक मोजून ठेवा. ब्राइटनेस ० ते १०० धरला तर पाऊस उघडल्यानंतरच्या चित्रात मी हा फरक ३०-३५ ठेवतो, हिवाळ्यात २० च्या आसपास, आणि मेमध्ये ५ ते ८. मेच्या आभाळाला निळं करायचा मोह टाळा. ते वर फिकट निळसर आणि क्षितिजाजवळ पांढुरकं-मातकट असतं. गडद निळं आभाळ ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. धुक्याचा ब्रश पूर्ण चित्रावर फिरवणं हीसुद्धा नेहमीची सवय आहे. त्याने ऋतू येत नाही, चित्र फक्त मळकट होतं. धूळ आणि धुकं अंतराप्रमाणे वाढतात, म्हणून पुढचं शेत, मधला पट्टा आणि डोंगर असे वेगळे लेयर ठेवून प्रत्येकाच्या वर वेगळ्या दाटपणाचा पडदा द्या.

जमीन, पाणी, पीक

काळी जमीन काळी रंगवू नका. मेमध्ये कोरडी, नांगरून पडलेली जमीन उन्हात राखाडी-तपकिरी आणि बरीच उजळ दिसते, आणि ढेकळांच्या कडांवर ऊन चमकतं. नांगरट झाली नसेल तर भेगा असतात; ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून त्या पडतात. भेगा समांतर रेघांसारख्या नसतात, त्या एकमेकींना छेदून वेडेवाकडे तुकडे करतात, आणि बघणाऱ्यापासून दूर जाताना चपट्या होत जातात. पहिल्या पावसानंतर तीच माती एकदम गडद होते. पाण्याचा थर बसला की मातीवरून परतणारा उजेड कमी होतो. मात्र सऱ्यांत साचलेलं पाणी आभाळाएवढं उजळ असतं. जूनच्या चित्राची खरी जादू या जोडीत आहे, सगळ्यात गडद माती आणि तिच्यात आभाळाची पांढरी रेघ. हिरवं तेव्हा फारसं नसतंच.

पाण्याचा रंगही ऋतूने बदलतो. पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा गढूळ, चहाच्या रंगाच्या वाहतात. त्यांना निळं केलं की चित्र दुसऱ्याच प्रदेशाचं होतं. हिवाळ्यात पाणी निवळतं आणि आभाळ दाखवतं. उन्हाळ्यात गिरणेच्या पात्रात वाळू आणि मध्ये एखादा डोह.

पिकाच्या बाबतीत कॅलेंडर डोक्यात नसेल तर चित्र फसतं. कापूस जुलैमध्ये घोट्याएवढा असतो, सप्टेंबरमध्ये कमरेला लागतो आणि पात्या-फुलांनी भरलेला असतो. फुलं आधी पिवळसर असतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतात. दिवाळीच्या आगेमागे बोंडं फुटतात, वेचणी सुरू होते, आणि तोवर बरीच पानं लालसर-तपकिरी व्हायला लागलेली असतात. त्यामुळे हिरव्यागार झाडावर पांढरा कापूस हे दृश्य नेहमीच खरं नसतं. कापसाला शुद्ध पांढरा रंगही देऊ नका. संध्याकाळच्या उन्हात तो पिवळसर, सावलीत निळसर असतो. पुढे शेतात पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) उभ्या राहतात. दादर (रब्बी ज्वारी) सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणीला येते, मग कडब्याच्या गंज्या लागतात. गहू मार्चमध्ये सोनेरी होतो. हरभरा त्याच सुमाराला गडद हिरव्यातून वाळक्या रंगात येतो.

केळी हा वेगळाच पेच आहे, कारण ती बारा महिने हिरवी. रावेर-यावलकडचं चित्र असेल तर ऋतू तिच्या रंगात शोधू नका, तिच्या उंचीत आणि पानांत शोधा. जून-जुलैत लावलेली मृगबाग आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेली कांदेबाग एकाच शिवारात वेगवेगळ्या उंचीवर उभ्या असतात. मेच्या दुपारी पानांच्या दोन्ही बाजू मधल्या शिरेपासून खाली मिटतात, कडा करपतात, आणि उष्ण वाऱ्याने पान पट्ट्यापट्ट्यांनी फाटतं. पावसाळ्यात पान उघडं, ताणलेलं, आणि त्याच्या वरच्या बाजूला आभाळाची राखाडी चमक.

झाडांबद्दल एक मोठी अडचण तयार ब्रशसंचांतून येते. त्यांतले ‘ऑटम’ वाले ब्रश थंड प्रदेशातल्या झाडांचे असतात. तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबरात पानं लाल-नारिंगी होऊन गळतात. आपल्याकडे त्या महिन्यांत शेत भरलेलं असतं. आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चची. सातपुड्यावरचा साग, सालई तेव्हा उघडे पडत जातात आणि उतार तपकिरी-राखाडी होतात. त्याच दिवसांत निष्पर्ण पळस पेटतो, काटेसावरीला लाल फुलं येतात, निंब जुनी पानं टाकून तांबूस-पोपटी पालवी धरतो. म्हणजे आपल्या चित्रात पानगळ आणि फुलोरा एकाच चौकटीत येतात. परदेशी चार ऋतूंच्या साच्यात हे बसत नाही, आणि बसवायची गरजही नाही. मालिका चारचीच हवी असेल तर पहिला पाऊस, भरलेलं शेत, वेचणी-पेरणीचा हिवाळा आणि पळसापासून आखाजीपर्यंतचा (अक्षय्य तृतीयेपर्यंतचा) उन्हाळा अशी वाटणी करून बघा. आखाजीच्या दिवसांत निंबावर बांधलेला झोका एकटाच ऋतू सांगतो. नंदुरबारकडचं चित्र असेल तर हिवाळ्यात मोकळ्या जागेवर वाळत घातलेल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या आहेत. त्याहून ठळक लाल रंग तुम्हाला शोधूनही मिळणार नाही.

हिरवा रंग ओरडतो

पावसाळ्याचं चित्र प्लास्टिकसारखं दिसतं ही तक्रार स्वतंत्रपणे येते. कारण बहुधा दोन असतात. एक, रंगचक्रावर १२० अंशांच्या आसपासचा शुद्ध हिरवा उचलला जातो. पानांचा हिरवा प्रत्यक्षात पिवळ्याकडे झुकलेला असतो. मी ७० ते १०० अंशांत राहतो, सॅच्युरेशन ३५ ते ५५ आणि ब्राइटनेस ३० ते ५५ मध्ये. दोन, फोनने काढलेल्या फोटोतून आयड्रॉपरने (रंग उचलण्याच्या साधनाने) रंग घेतला जातो. फोन आधीच फोटो भडक करून देतो. त्यावरून घेतलेला रंग म्हणजे भडकावर भडक. फोटो पिकासाठी आणि आकारासाठी वापरा. रंगासाठी शेतात उभं राहून चार ठिपके टिपून आणा, तेही आभाळ भरलेलं असताना. पूर्ण शेताला एक हिरवा लावणंही टाळा. उडीद-मुगाचा, कापसाचा, ज्वारीचा आणि बांधावरच्या गवताचा हिरवा वेगळा असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सागाच्या शेंड्यांवर पांढुरके तुरे असल्याने डोंगरही एकसारखा हिरवा नसतो.

ढगाच्या सावल्या वापरा. शिवारावर एक पट्टा उजळ आणि शेजारचा काळवंडलेला असं दृश्य श्रावणात रोज दिसतं. त्याने हिरवा आपोआप आवरतो.

आभाळात पट्टे पडतात

मेचं किंवा हिवाळ्याच्या संध्याकाळचं आभाळ रंगवताना ग्रेडियंटमध्ये, म्हणजे एका छटेतून हळूहळू दुसरीत जाणाऱ्या रंगात, पायऱ्या दिसतात. ८ बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवी, निळी) २५६ पायऱ्या असतात. फिकट आभाळात त्यांतल्या फार थोड्या वापरात येतात. समजा वरपासून खालपर्यंत २०५ ते २३५ एवढाच फरक आहे आणि आभाळ १५०० पिक्सेल उंच आहे, तर प्रत्येक पट्टा ५० पिक्सेल जाड होतो आणि डोळ्याला टोचतो. फाइल १६ बिटमध्ये सुरू करा. क्रिटा आणि फोटोशॉपमध्ये सोय आहे, फोनवरच्या बऱ्याच अॅपांत नसते. मात्र शेवटी जेपीजी काढताना ती ८ बिटच होते, म्हणून आभाळाच्या लेयरवर अगदी हलका, एक-दोन टक्क्यांचा नॉइज (बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा) द्या. मेच्या धुळकट आभाळाला तो शोभतोही. चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान केलेल्या फोटोत पट्टे पुन्हा दिसू लागतील.

रात्री ठीक, सकाळी निळं

संध्याकाळनंतर फोन-टॅबमधला नाइट लाइट किंवा डोळ्यांसाठीचा पिवळा फिल्टर आपोआप चालू होतो. पडदा पिवळा दिसतो, हात नकळत रंग निळ्याकडे नेतो. सकाळी उन्हाळ्याचं चित्र थंडीतलं वाटतं. चित्र काढताना तो फिल्टर, आपोआप बदलणारा ब्राइटनेस आणि पडद्याचा भडक रंगाचा मोड, तिन्ही बंद ठेवा.

छापल्यावर पळस विझतो

पडद्यावर पेटलेला पळस कागदावर विटकरी येतो, पावसाळ्याचा हिरवा मळतो. प्रेसवाल्याची चूक असेलच असं नाही. एसआरजीबी (पडद्यांची नेहमीची रंगपद्धत) पडद्यावरचे तेजस्वी नारिंगी, हिरवे आणि निळे रंग छपाईच्या सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या) शाईत मिळतच नाहीत. मिरचीचा लाल त्यामानाने टिकतो. क्रिटा आणि फोटोशॉप दोन्हींत कंट्रोल आणि वाय दाबलं की छपाईचा अंदाज पडद्यावर दिसतो. त्यात शिफ्ट जोडली की कोणते रंग छपाईच्या आवाक्याबाहेर आहेत ते उमटतं. प्रेसकडून त्यांचं प्रोफाइल, म्हणजे त्यांच्याकडे छापल्यावर रंग कसे येतात ते सांगणारी फाइल, मागा. नाही मिळालं तर उपलब्ध सीएमवायके प्रोफाइलवर किमान अंदाज घ्या. प्रोक्रिएटमध्ये सीएमवायके हवं असेल तर कॅनव्हास तयार करतानाच निवडावं लागतं.

पळस वाचवायचा असेल तर त्याचा नारिंगी आणखी भडक करू नका, तो शाईच्या हद्दीबाहेरच राहील. त्याच्या मागचा डोंगर आणि आभाळ आणखी राखाडी करा आणि फुलांच्या देठाशी असलेला काळपट, मखमली तपकिरी रंग ठसठशीत ठेवा. शेजारच्या फरकानेच तो उठतो. ए३ आकारासाठी ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची फाइल लागते. आकार सुरुवातीलाच ठरवा, नंतर ताणून मोठी केलेली फाइल भेगा आणि काटक्या आधी गमावते. पूर्ण ए३ छापण्याआधी पळस, शेत आणि आभाळ येईल असा हातभर लांब पट्टा त्याच कागदावर छापून घ्या आणि तो ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर दिवसाच्या उजेडात बघा.